चांदीची आत्या

प्रिय आत्या,

तुला कसं सांगू? तू चांदीची झालीस!

चेष्टा नाही करून राहिलो. भोकरच्या सोनाराकडून आत्ताच तुला घेऊन बाहेर आलो. तळहातावर मावतेस, कागदासारखी पातळ, उन्हात धरलं की चमकतेस. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलोय. सवयीनं आधी तुला फोनच लावला. तुझा नंबर आता दुसऱ्या कुणाला तरी मिळालाय. एक बाई तेलुगूत काहीतरी बोलली आणि मी घाबरून ठेवून दिला. मग शेजारच्या दुकानातून वही घेतली. शाळेत असताना वह्या कोऱ्या ठेवतो म्हणून पाठीत धपाटे घालायचीस ना? घे, आता भरतो.

गोष्ट अशी आहे की परवा घट बसायचेत. उद्या घरी देव उजळणार. आणि घासूनपुसून ते देव्हाऱ्यात परत मांडताना त्यांच्या रांगेत एक नवा टाक बसवायचा, असं बाबांनी ठरवलंय. तुझा! तोही माझ्या हातानं, कारण तू मला सांभाळलंस.

टाक म्हणजे काय ते तुला सांगायला नको. त्याच देव्हाऱ्यापुढं तू लहानाची मोठी झालीस. पुढं खंडोबा, भवानी, आणि मागच्या रांगेत आपलीच गेलेली माणसं. घोड्यावर बसलेला कुणी पणजोबा, भरल्या कपाळानं गेलेली कुणी चुलती. माणूस गेलं की त्याला चांदीच्या पत्र्यावर उठवायचं आणि देवांजवळ बसवायचं, ही घरची रीत. पण तू तर जिवंतपणीच त्या रांगेसमोरून उठून गेली होतीस. देव एकच, त्याची मूर्ती करायची नाही, दुसऱ्या कुठल्या मूर्तीपुढं वाकायचं नाही, हे तू मला भाकरीबरोबर खाऊ घातलंस. आणि आता तुझीच मूर्ती माझ्या हातात! हसू का रडू, सांग!

थांब, सोनाराचं तर राहिलंच.

मी आत गेलो तर तोच कपाळाला हात लावून बसलेला. म्हणाला, "संतोषराव, तुमच्या वडलांनी मला लई पेचात टाकलं बघा. म्हणले, आक्काच्या हातात तिचं पुस्तक पाहिजे. आता पुस्तकवाल्या बाईचा ठसा मी कुठून आणू? सवाशिणीचा हाय, बाळंतिणीचा हाय. पुस्तकवाली म्हणजे एकच, सरस्वती."

"मग?"

"मग काय, तिच्याच ठशावर पत्रा ठोकला. वीणा घासून काढली. चार हातांचे दोन केले."

"आणि हे पायाशी काय हाय?"

"मोर हाय तो. ऱ्हायला. मोरानं काय बिघडतंय?"

आत्या, तुझ्या पायाशी मोर! सुट्टीवर गावाकडं आलीस की बाबांच्या भुईमुगात शिरलेल्या मोरांमागं ढेकळं घेऊन कोण पळायचं? आणि शिव्या देताना जीभ चावून, "प्रभू, माफ कर, पण हा मोर लई हलकट हाय," असं कोण म्हणायचं?

टाक मी पँटच्या मागच्या खिशात टाकला आणि इथं येऊन बसलो. बसल्याबरोबर टोचलं. आणि मला तुझी ती उंटाच्या खोगिराची गोष्ट आठवली! नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, तुला माहीत आहे. ती सून, जिनं माहेर सोडताना बापाचे घरातले देव चोरले, खोगिरात लपवले आणि त्यांच्यावर बसली. बाप शोधत आला, सगळे तंबू उलटेपालटे केले, तर ती म्हणते, मला उठता येत नाही, अडचण आहे. मी विचारायचो, "कसली अडचण?" आणि तू पदर तोंडात धरून हसायचीस. मला ते कळायला मिसरूड फुटावं लागलं. आता मी तसाच तुझ्यावर बसलो होतो. लगेच उठलो हं! तुला वरच्या खिशात ठेवलंय.

नायगावच्या त्या मिशनच्या दवाखान्यात तू आया होतीस. मागच्या बाजूच्या खोलीत आपण दोघं. गावात चौथीपर्यंतच शाळा, म्हणून बाबांनी मला तुझ्याकडं आणून सोडलं. संध्याकाळी ड्यूटीवरून आलीस की हातपाय धुऊन तू शास्त्र, म्हणजे तुझं बायबल, उघडायचीस. मी बाहेर गोट्या खेळणाऱ्या पोरांकडं एक कान ठेवून बसायचो. इब्री लोकांच्या त्या जुन्या गोष्टी तू अशा सांगायचीस, जणू ती माणसं देगलूरच्या पलीकडं कुठंतरी राहतात आणि परवाच तुला बाजारात भेटली.

दहा आज्ञांतल्या पहिल्या दोनच माझ्या डोक्यात आहेत. कारण तू तिथून पुढं सरकायचीच नाहीस! चोरी करू नको, खोटं बोलू नको हे काय, समदेच सांगतात, असं म्हणायचीस. "पण पहिलं ते पहिलं, संत्या. पाणी कुठल्या हिरीचं प्यायचं ते आधी ठरव. मग घागर, दोर, समदं पुढचं."

सोन्याच्या वासराची गोष्ट तर किती वेळा! मिसर देशातली गुलामी सुटलेली, डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम, त्यांचा पुढारी मोशे देवाला भेटायला वर गेलेला आणि लवकर खाली येईना. लोक बेजार झाले. बायकापोरांच्या कानातलं सोनं काढलं, वितळवलं, वासरू केलं आणि त्याच्याभोवती नाचायला लागले. मी विचारलं होतं, "आत्या, देवानं तर त्यांना नुकतंच सोडवलं होतं. मग वासरू कशाला?"

तू चष्मा काढून पदरानं पुसलास. "वाट बघवत न्हाई माणसाला. जे दिसत न्हाई त्याची वाट बघणं लई जड. हाताला लागंल असं कायतरी पाहिजे असतं."

हे तू चिडून नाही म्हणालीस. त्या लोकांची तुला कीव यायची. मला ते वाक्य आज सारखं आठवून राहिलंय, कारण आपले बाबा.

बाबांशी तुझं जे एकदा वाजलं, ते तर मी डोळ्यांनी बघितलंय. दिवाळी होती. तू त्या सुताराची गोष्ट सांगितलीस, जो एका लाकडाचे दोन तुकडे करतो. एकावर भाकरी भाजतो, हात शेकतो. उरलेल्याचा देव करतो आणि त्यालाच म्हणतो, मला वाचव. सांगता सांगता तुला हसू आवरेना. मीही हसलो. बाबा हसले नाहीत.

म्हणाले, "आक्का, आमी लाकडाच्या पाया पडत न्हाई. लाकडातून पलीकडं बघतो."

"बघता बघता नजर तिथंच अडकती रे. म्हणून तर बजावलंय."

"तुझी न्हाई अडकत का कशात?"

बाबा उठून गेले. तेव्हापासून तू शास्त्रातलं काही काढलंस की बाबांना गोठ्यात काहीतरी काम निघायचं. आत्या, रागावू नको, पण त्या दिवशी तू हसायला नको होतंस. माणूस ज्याला हात जोडतो त्याला हसलं की माणसालाच हसल्यासारखं होतं. एवढं शास्त्र वाचून तुला हे कसं कळलं नाही?

पण बाबांचा प्रश्न तू विसरली नव्हतीस, हे मला माहीत आहे. तुमच्या दवाखान्यात जुन्या गोऱ्या डॉक्टरचा फोटो होता ना, दाराशी? लोक त्याला फुलं वाहायला लागले, मग मेणबत्ती, मग ऑपरेशनच्या आधी नातेवाईक त्याच्या काचेला हात लावून तोच हात कपाळाला लावायला लागले. सगळ्यांना बरं वाटत होतं. पाळकसाहेबांनासुद्धा! तू एकटी उभी राहिलीस. म्हणालीस, हेबी तेच हाय. मोशेनं रानात पितळेचा साप केला होता, तो देवाच्याच सांगण्यावरून, आणि साप चावलेली माणसं त्याच्याकडं बघून बरी झाली. पुढं लोक त्यालाच धूप घालायला लागले, तेव्हा एका राजानं तो फोडून टाकला. चांगली होती ती वस्तू, तरी फोडली! तो फोटो मग आतल्या ऑफिसात गेला. दोन नर्सा तुझ्याशी किती दिवस बोलत नव्हत्या.

म्हणून मला कळतं की तुला हे चांदीत बसणं आवडणार नाही. फक्त दुसऱ्यांच्या देवाला नावं ठेवणारी असतीस तर गोष्ट वेगळी होती. तू तुमच्या मिशनमधलीही फुलं उचलून ठेवलीस.

आणि माय? तिचं तर तुला माहीतच आहे. का नाही माहीत? सणाला तू यायचीस आणि नैवेद्य दाखवलेलं खायची नाहीस. पहिल्या वर्षी माय चुलीमागं बसून रडली. एवढं पुरण वाटलेलं! दुसऱ्या वर्षीपासून तुझ्या ताटात गरम पोळी यायला लागली आणि तू खुशाल खायला लागलीस. कधी विचारलंस का, कशी? माय तुझी पोळी नैवेद्याच्या आधीच काढून ठेवायची. देवाच्या आधी! आजीनं एकदा पकडलं तर माय म्हणाली, "देव काय रुसणार न्हाई. नणंद रुसली की वरीसभर रुसती." आता सांग, आपल्या घरात पहिल्या नंबरावर कोण होतं?

मी उद्या काय करू, आत्या? नाही म्हटलं तर बाबांचं मन मोडतं. हो म्हटलं तर तुझं सगळं आयुष्य मोडतं. मी ना तुझ्यासारखा बाप्तिस्मा घेतलेला, ना बाबांसारखा सोमवार धरणारा. बोअरच्या गाडीवर काम करणारा माणूस मी, आज किनवट तर उद्या निलंगा. आमच्याकडं कुणी नारळ फोडतो, कुणी दर्ग्याचा दोरा बांधतो, आणि पाणी लागलं की शेतमालक आधी मशीनच्या पाया पडतो! परवा एकानं तर आमच्या तमिळ ड्रायव्हरच्याच पाया पडायला सुरुवात केली. तो बिचारा पळाला. तेव्हा तू असतीस तर...

गाडी आली. उरलेलं नंतर.

*

आत्या, आज इस्लापूरच्या बाजूला आहे. मशीनचा एक पाईप तुटलाय, तो येईपर्यंत काम बंद. बाकीची पोरं सहस्रकुंडाचा धबधबा बघायला गेली. मी गेलो नाही. म्हणजे निघालो होतो, निम्म्या वाटेवरून परत आलो, कारण वही गाडीतच राहिली होती. ऐक आता.

रात्री उशिरा घरी पोचलो. सकाळी उठून बघतो तर माय चिंचेनं देव घासत होती. बाबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून वाट बघत होते. मी टाक हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडं धरला, आणि आत्या, तोंड असं फुललं त्यांचं!

"बघ, पुस्तक दिलंय तिच्या हातात. मी सोनाराला बजावलं होतं, पुस्तकाबिगर नको. आपल्या घरात बसवायचं, पण तिचा धर्म मोडायचा न्हाई."

मला काय झालं कोण जाणे. हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हसायला काय झालं रे?"

"बाबा, त्याच पुस्तकात लिहिलंय, असं करू नका म्हणून."

"कसं?"

"असंच. मूर्ती करून पाया पडू नका. तिच्या देवाचा लई मोठा हुकूम हाय तो."

बाबा टाकाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मी तिच्याच हातात तिच्या इरुद्धचा हुकूम दिला म्हण की." आणि एकदम चढले, "मग तिनं सांगायचं ना!"

माय चिंचेच्या हातानंच बाहेर आली. "जलमभर तेच तर सांगत व्हत्या वन्सं. तुमी उठून जायचे."

बाबा खाली बसले. मला वाटलं, झालं, मिटलं. पण मिटलं नव्हतं.

"मग कुठं ठेवू तिला?" ते म्हणाले. "सांग ना! देवात न्हाई. भितीवर फोटो लावून हार घालावा तर तेबी तिला नको. राख न्हाई की गोदावरीत सोडावी. पितराचं पान वाढलं तर कावळा तरी शिवतो, हिचं पान कुणाला वाढू? माझी सख्खी भैन, मला कडेवर घेऊन हिंडलेली, आन तिला कुठंच जागा न्हाई? बिगर जागेचं माणूस भटकतं. ह्या संत्याचा पाय एका जागी ठरत न्हाई तो काय उगाच?"

आत्या, हुकुमाचं उत्तर माझ्याकडं होतं. ह्याचं नव्हतं. तुझ्याकडं तरी होतं का? तू बाबांना काय करायचं नाही ते सांगितलंस. बहीण गेल्यावर भावानं करायचं काय, ते कुठं सांगितलंस? डोंगरावर गेलीस आणि खाली त्यांना वाट बघत ठेवलंस. त्यांनी वासरू केलं तर त्यात नवल काय?

त्यांनी टाक परत माझ्याकडं दिला, मी तो हातात घेऊन उभा. बसवू की नको? बाबा तोंड फिरवून बसलेले. मी म्हणालो, "बाबा, तुम्ही सांगाल ती कामं करीन. जनावरं बघीन, खळं करीन. पण हे माझ्या हातानं होणार न्हाई. तिनं मला दुसरं काही दिलं न्हाई हो. एवढंच दिलंय."

बाबांसमोर मी कधी नाही म्हटलेलं नव्हतं. मी आपला पळून जायचो.

मायच बोलली. "जागा न्हाई कशी? हाय की नायगावला. पुरलं तवा तुमी फाटकाबाहेर लिंबाखाली उभे व्हते. आत कधी गेलात का?"

बाबांनी मान खाली घातली. मायनं माझ्या हातातला टाक काढून घेतला आणि पदराच्या गाठीला बांधला. देव पुसून जागेवर गेले. मागच्या रांगेत तुझ्यासाठी केलेली फट तशीच दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकल काढली. कुठं जायचं ते बोललो नाही. बाबा स्वतःच रुमाल बांधून मागं येऊन बसले. नायगावपर्यंत एक शब्द नाही. फक्त एका खड्ड्यात आदळलो तेव्हा म्हणाले, "मारतो का?" तेवढंच.

कबरस्तानाच्या फाटकाशी त्यांनी विचारलं, "चप्पल काढायची असती का?"

"माहीत न्हाई."

त्यांनी काढली. तुझ्यापाशी आलो. आत्या, तुझं नाव दिसत नव्हतं, एवढं गाजरगवत माजलं होतं! बाबा उभे राहिले. त्यांचे हात वर यायला लागले, छातीपर्यंत आले, एकमेकांना लागायच्या आत थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? ते हात तसेच हवेत. आयुष्यभर दिसेल त्याच्यापुढं जोडलेले हात, आणि आता त्यांना काय करावं ते कळेना. मला वाटलं, जोडू द्यावे. तू काय त्यांना मारणार होतीस?

पण त्यांनी स्वतःच खाली वाकून गवताला हात घातला. मुळासकट उपटलं. मग दुसरं. मीही बसलो. गवत उपटता उपटता बाबा बोलायला लागले, आणि ते काही थांबेनात!

"आक्का, किती माजू दिलंस गं हे? तुझ्या अंगणात एक काडी ऱ्हायची न्हाई... सोयाबीन पावसात सापडलं औंदा. हळद बरी हाय. थोरलीला पोरगी झाली, तुझ्यावानीच रडती, आवाज चार घरं जातो... आन तुला सांगतो, तुला सरस्वती केलं व्हतं गं. मोरासकट! तू असतीस तर सोनाराच्या डोक्यात ढेकूळ घातलं असतंस."

आणि ते हसले. रुमाल डोळ्यांना लावून हसले. "तू लई हट्टी. मीबी कमी न्हाई. तुझ्यासाठी घरात जागा केली व्हती. तुला नको तर नको. पर मला सांगून जायचंस ना, कुठं येऊन बोलू ते."

असं ऊन डोक्यावर येईपर्यंत. मला एक वाक्य टाकायला फट मिळाली नाही. म्हणून तर हे लिहून राहिलो!

निघताना त्यांनी तुझ्या इथली मूठभर माती रुमालाच्या टोकात बांधली. मी मनात म्हटलं, चांदी गेली, आता माती देव्हाऱ्यात बसणार!

"बाबा, ही कशाला?"

ते पोरासारखे लाजले. "असू दे. हळदीत टाकीन. तिला हळदीच्या रानाचा वास आवडायचा."

फाट्यावर चहा घेतला. तिथं मी त्यांना तुझ्या त्या परक्या सेनापतीची गोष्ट सांगितली. कोड झालेला, दूरदेशीचा मोठा माणूस. एका गुलाम पोरीच्या सांगण्यावरून इब्री लोकांच्या देवमाणसाकडं येतो, नदीत बुड्या मारून बरा होतो, आणि म्हणतो, आता दुसऱ्या कुणाची भक्ती करणार नाही. मग खेचरांवर लादून न्यायला तो मातीच मागतो! बाबांनी कान टवकारले. "माती?"

"हाव. आणि एक परवानगी मागतो. माझा धनी त्याच्या देवाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हाताचा आधार घेतो. तो वाकला की मलाबी वाकावं लागतं. तेवढं देव मला माफ करील का?"

बाबांची बशी तोंडापाशी थांबली. "मग? तो देवमाणूस रागावला असंल."

"न्हाई. म्हणला, सुखानं जा."

"एवढंच?"

"एवढंच."

बाबांनी चहा संपवला. बशी ठेवली. "आक्कानं ही गोष्ट मला कधी सांगितली न्हाई."

"तुमी उठून जायचे."

"आता बसलोय की," बाबा म्हणाले. "अजून एक सांग."

आत्या, ऐकलंस? अजून एक सांग म्हणाले! मी त्यांना खोगिराची सांगितली. अडचण त्यांना माझ्याहून लवकर कळली. टपरीवरचा माणूस वळून बघायला लागला, एवढे हसले.

त्या चांदीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. म्हणजे मायनं ठरवलेलं असणार, तिच्या तोंडावरून दिसतं, पण ती सांगत नाही.

खरं सांगू का? मी कुणापुढं हात जोडायचे ते मला अजून उमगलेलं नाही. तुझा एकच देव मला कधी कधी लई जवळ वाटतो, माळावर रात्र उतरायच्या आधी, मशीन बंद झाल्यावर. कधी वाटतही नाही. पण तुझ्यापुढं हात जोडायचे नाहीत, एवढं पक्कं कळलंय. आणि एकाला नाही म्हणता आलं तर पुढचंही कधीतरी ठरेल, असं वाटून राहिलंय.

तर माझा शब्द घे. तुला देव होऊ देणार नाही. सुरुवात झालीच आहे बघ! परवा बाबा शेजाऱ्याला सांगत होते, आमच्या आक्काला कधी रागच यायचा नाही. मी तिथल्या तिथं धपाट्याचं सांगितलं. मोराला दिलेल्या शिव्यांचं सांगितलं. लोक तुला घासून गुळगुळीत करतील, मी तुझे कोपरे राखीन. दर वेळी घरी गेलो की बाबांना एक गोष्ट सांगीन, आणि नावं विसरलो तर तुझं शास्त्र उघडून शोधीन, मग त्या नादात पुढचं पानही वाचीन. त्या पुढच्या आठ आज्ञांपर्यंतसुद्धा पोचीन एखाद दिवशी. आणि गाजरगवत उपटायला आम्ही दोघं येत जाऊ. बाबांचं बोलून झालं की मीही बोलीन, त्यांनी फट दिली तर!

पाईप आला वाटतं, ड्रायव्हर हाका मारून राहिलाय.

तुला हात न जोडणारा, तुझाच,
संत्या